वालमनच्या दारातला ड्रम

आमच्या गावात लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. दुसरी माझ्याकडे यायची, नवरीच्या सख्ख्या मामाच्याही आधी. हळदीकुंकवाची बोटं उठवलेली पत्रिका हातात देताना मुलीचा बाप म्हणायचा, "मामा, तारीख बघून ठेवा. मांडवाच्या दिवशी आमच्या लाइनीला पाणी पाह्यजेच." मी तारीख बघायचो आणि मान डोलवायचो. त्या तारखेला पाणी येईल की नाही हे मला जेवढं ठाऊक, तेवढंच नवरदेवाच्या घोडीला.

मी नगरपालिकेचा वालमन. कागदावर 'व्हॉल्व्हमन', पण तो शब्द गावात कोणाच्या तोंडात बसला नाही. परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव येलदरीच्या पाण्यावर जगतं. धरणातलं पाणी पंपाने येतं, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर मिसळून ते स्वच्छ होतं, मग उंच टाकीत चढतं आणि तिथून एकेका भागाला सोडलं जातं. सगळ्या गावाला एकदम सोडलं तर शेवटच्या घरापर्यंत थेंब पोचणार नाही, म्हणून पाळ्या. रस्त्यात जमिनीखाली झडपा असतात. त्या फिरवायला माझ्या खांद्याएवढी लोखंडी चावी. आज या भागाची झडप उघडायची, उद्या त्या भागाची. फेरी पूर्ण व्हायला बरे दिवस असतील तर आठवडा लागतो, नाहीतर दहा-बारा दिवस, आणि मध्येच पंप जळाला किंवा पाईप फुटला तर विचारूच नका. पुण्याचे पाहुणे येतात आणि विचारतात, नळाला पाणी कधी येतं? त्यांना वेळ ऐकायची असते. आम्ही वार सांगतो.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. गमती पुष्कळ आहेत. एक सांगतो आणि मग ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलोय तिकडे वळतो.

आमच्याकडे नळाला थेट मोटार लावायला बंदी आहे. मोटार लावली की ती शेजाऱ्याच्या वाट्याचंही पाणी ओढून घेते. तरी लोक लावतातच. एका गृहस्थांच्या अंगणात पाणी आलं की कोंबड्यांचं डालगं नेमकं नळापाशी यायचं. डालग्याखाली घरघर आवाज. मी विचारलं, हे काय? गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "कोंबडी खुडूक बसली हाय. लय रागीट हाय, हात लावू नका." मी म्हटलं, अहो, कोंबडीला वायर कशी काय? तर त्यांची म्हातारी आतून ओरडली, "अरे, मी तवाच म्हणले होते, वायर झाक म्हणून!" मी मोटार काढून नेली. पुढच्या पाळीला म्हातारीने मला चहा दिला आणि गृहस्थांनी नवी मोटार घेतली.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण मला ते हसू फार वेळ टिकायचं नाही. का ते थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पाण्याला जोर कमी, म्हणून आमच्याकडे प्रत्येक दारासमोर खड्डा असतो. नळ जितका खाली तितकं पाणी आधी येतं, हे एकदा लोकांना कळलं आणि जो तो आपला नळ कापून खाली खाली नेऊ लागला. शेजाऱ्याचा खड्डा गुडघ्याएवढा झाला की आपला मांडीएवढा. त्यात उतरून बायका वाटीने पाणी उपसतात. नळाला तोटी नाही. दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्याला तोटी लावून काय बंद करायचं? पाईपात पाणी असतं तोवर ते बाहेर येतं. झडप बंद झाली की पाईप रिकामा होतो आणि मग बाहेर जे काही असेल ते आत ओढून घेतो. खड्ड्यात साचलेलं, शेजारच्या नालीतून झिरपलेलं, सगळं. कुठे मोटार चालू असली तर आणखी जोरात. पुढच्या पाळीला तेच पहिल्यांदा कोणाच्या तरी घागरीत पडतं. धरणापासून टाकीपर्यंत पाणी आम्ही लेकरासारखं सांभाळून आणायचो, आणि शेवटच्या चार पावलांवर आमचा काही इलाज चालायचा नाही.

लोकांचा मात्र आमच्यावर विश्वास होता. म्हणजे नगरपालिकेवर नव्हता. भोंग्यावरून सांगितलेलं, फळ्यावर लिहिलेलं, मोबाइलवर पाठवलेलं, यातलं काही कोणी खरं मानत नसे. विश्वास होता माझ्या बायकोच्या ड्रमवर.

सुमन, माझी बायको, भारी टापटिपीची. पाणी यायच्या आदल्या दिवशी ती आमचा निळा ड्रम दारात आडवा करायची, उरलेल्या पाण्यात घासून लख्ख करायची आणि पालथा घालायची. ते दिसलं की समोरच्या गयाबाई आपल्या सुनेला हाक मारायच्या, "रेखा, वालमनचा ड्रम पालथा पडला गं!" आणि बघता बघता सगळी गल्ली ड्रम घासायला बसायची. मागच्या गल्लीतली पोरं कोपऱ्यावरून डोकावून जायची. सुमनला नुसताच ड्रम धुवायचा असला तरी धुता येत नसे. एकदा त्यात पाल पडली म्हणून तिने तो मधल्याच दिवशी धुतला, तर दुसऱ्या दिवशी बायका माझ्या दारात उभ्या. पाणी का सोडलं नाही, म्हणून. त्यांना पालीची गोष्ट पटली नाही.

माझ्या निवृत्तीच्या थोडा आधीचा तो उन्हाळा. मागच्या गल्लीतल्या शमीमभाभी एका सकाळी माझ्याकडे आल्या. त्यांचे मिया शिलाईकाम करतात, आरिफ त्यांचा मुलगा. त्यांचं घर लाइनीच्या अगदी टोकाला, त्यामुळे भाभी आल्या म्हणजे भांडायलाच आल्या, हे ठरलेलं. "मामा, तुमारा पानी हमारे घरतक आते आते बुड्ढा हो जाता," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, आरिफके आंखाँ पिले दिसरे. बाजूके घरमें भी एक बच्चेको वैसाच हुआ. और पानीको वास आरा."

भांडणारा माणूस हळू बोलला की मला जास्त भीती वाटते. मी तसाच पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर साहेबांकडे गेलो. लातूरकडचा तरुण मुलगा, कामाला प्रामाणिक. तो माझ्याबरोबर चालत आला, टोकाच्या घरांतलं पाणी नाकाशी धरलं, बाटल्यांत भरून परभणीला तपासायला पाठवलं. परत येताना म्हणाला, "मामा, अहवालाला थोडे दिवस लागतील. जंतू वाढवून बघावे लागतात, घाई करता येत नाही."

"तवर लोकांना काय सांगायचं साहेब? उकळून प्या म्हणावं का?"

तो थांबला. "मी वर विचारलं. अहवाल हातात येईपर्यंत काहीच बोलायचं नाही, असं ठरलंय. गेल्या उन्हाळ्यातलं आठवतंय ना?"

आठवत होतं. टाकीत विष कालवलं अशी अफवा मोबाइलवरून फिरली होती. लोकांनी टँकर अडवला, ड्रायव्हरला मारलं, आणि ती अफवा निघाली निव्वळ खोटी. त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या तोंडून निघालेल्या कुठल्याही गोष्टीवर कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

"पुन्हा चुकीचं बोललो तर ज्या दिवशी खरं सांगायची वेळ येईल त्या दिवशी ऐकणार कोण?" साहेब म्हणाला. "मला पण घोर लागलाय मामा. पण घरीसुद्धा बोलू नका. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. त्याचं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण शब्द देऊन घरी आलो तर ओट्यावर माझी लेक बसलेली.

मंगल पहिल्या बाळंतपणाला चारठाण्याहून आठवड्यापूर्वीच आली होती. शेजारी बसली होती गयाबाईंची सून रेखा. तिचेही दिवस भरत आले होते. दोघी एकमेकींच्या पोटांकडे बघून हसत होत्या, कोणाचं आधी येतंय यावर चिंचांची पैज लावत होत्या. मधे तांब्या. रेखा तो उचलून वरून घटाघटा पाणी प्यायली. आमची झडप आणि मागच्या गल्लीची झडप एकच आहे.

गरोदर बाईला कावीळ झाली तर ती साधी नसते, एवढं मला माहीत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मागे एकदा आमच्या बैठकीला आल्या होत्या तेव्हा त्यांनी ते फार गंभीरपणे सांगितलं होतं.

घरात जाऊन मी सुमनला म्हटलं, "मंगलचं प्यायचं पाणी उकळून देत जा."

"का?"

"दे म्हणलं ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. संसारात इतकी वर्षं काढलेल्या बाईपासून काय लपणार? तिने लगेच पातेलं चढवलं, पाणी उकळून खाली उतरवलं. मग म्हणाली, "आणि रेखाचं?"

मी चपला घालून बाहेर पडलो.

रात्रभर माझं डोकं एकाच ठिकाणी फिरत होतं. पाण्याची पाळी जवळ आली होती. झडप उघडली तर घाण घराघरात जाणार. बंद ठेवली तर पाईप रिकामा राहून घाण ओढत राहणार, आणि लोक तहानेने तडफडणार ते वेगळंच. माझ्या हातातली चावी कुठल्याही बाजूला फिरवली तरी चूकच. आणि घाण आहे की नाही हेही नक्की माहीत नाही! वास काय, उन्हाळ्यात पाण्याला येतोच. पोरांचे डोळे पिवळे, ते लग्नात खाल्लेल्या बर्फाच्या गोळ्यानेही होतात. मी स्वतःलाच समजावत होतो आणि स्वतःलाच पटत नव्हतं.

पाळीच्या दिवशी मी झडप उघडली. गल्लीने आनंदाने पाणी भरलं. आमचा निळा ड्रमही भरला. संध्याकाळी मी सुमनला म्हटलं, "मंगलला चार दिवस सेलूला ठेवू. माझ्या बहिणीकडं. बदल म्हणून."

"बदल?" सुमन म्हणाली. "भरल्या दिवसांची पोर बदलाला कुटं जाती का? अवं, आपल्या दारातून पिशवी निघाली की गल्लीला कळतंय. ड्रमावरून वार वळखणारी माणसं हायत ही. उद्या समद्यांना समजलं की वालमनला म्हाईत होतं अन् त्यानं आपली लेक तेवढी हलवली, तर?"

"मग काय करू? लेकीला इथंच ठेवून बघत बसू?"

"माझी एकलीची लेक पोटुशी हाय का? समोर रेखा हाय. भाभीच्या गल्लीत दोघी हायत. त्यांना कोणती आत्या सेलूला?"

"मी शब्द दिलाय सुमन. बोलता येणार न्हाई."

"तुमी दिलाय," ती म्हणाली. आणि ताट वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघायला दारात आलो, तर सुमनने पदर खोचला होता. आदल्याच दिवशी काठोकाठ भरलेला निळा ड्रम तिने दोन्ही हातांनी धरला, गुडघा लावला आणि रस्त्यावर आडवा केला.

भर उन्हाळ्यात प्यायचं पाणी रस्त्यावर ओतलेलं आमच्या गावात कोणी पाहिलं नसेल. पाणी धुळीतून वाट काढत उतारावर गेलं. कोणाच्या तरी शेळ्या धावत आल्या आणि पिऊ लागल्या. त्या पाण्यासाठी मी किती दिवस धावलो होतो, किती जणांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

गयाबाई दारातूनच किंचाळल्या, "अगं सुमे, याड लागलं का? भरलेलं पाणी सांडायलीस!"

सुमनने ड्रम पालथा घातला, आत जाऊन घागर आणली, ती कमरेवर घेतली आणि सगळ्यांच्या देखत हापशाकडे निघाली.

आमचा हापसा दोन्ही गल्ल्यांच्या मधे आहे. पाणी खारट, डाळ शिजत नाही त्यात. अगदीच नडलेली माणसं तिथे जातात. वालमनची बायको हापशावर गेलेली लोकांनी कधी पाहिली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती तिथे उभी राहिली नव्हती, आणि त्यावरून तिला टोमणेही पुष्कळ मिळाले होते. गयाबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या.

हापशावर शमीमभाभी होत्या, कपडे धुवायचं पाणी घ्यायला आलेल्या. त्यांनी सुमनकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. सुमनने हापसा मारायला सुरुवात केली. भाभींनी आपली बादली तिथेच ठेवली आणि झपझप घराकडे गेल्या. मी अजून दारातच उभा होतो. थोड्या वेळाने मागच्या गल्लीच्या नालीतून स्वच्छ पाण्याचा लोट आला. पाठोपाठ गयाबाईंचा ड्रम आडवा झाला. मग त्यांच्या शेजारचा. नुसते ड्रम पालथे पडल्याचे आवाज.

दुपारी साहेबाचा फोन आला. "मामा, लोकांनी पाणी ओतून दिलं म्हणे. तुम्ही बोललात?"

"न्हाई साहेब. आमच्या घरी ड्रम धुतला."

तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवायच्या आत घाईने म्हणाला, "हापशाचं पाणी पण उकळायला लावा मामींना."

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. हापशावर रांगा लागल्या, रांगेत झिंज्या ओढण्यापर्यंत भांडणं झाली. खारट पाण्याने लेकरं रडायला लागली. पहिल्या दिवशी जी भीती होती ती ओसरली आणि त्या जागी राग आला. वॉर्डाचे मेंबर दारात येऊन गरजून गेले, "मामा, बायकोला आवरा. गावात घबराट पसरवायलात तुमी!" ज्यांनी सुमनचं पाहून ड्रम ओतला तेच आता तिला टोचून बोलत होते. काहींनी तर ड्रम ओतलेच नव्हते, ते खुशाल तेच पाणी पीत होते आणि बाकीच्यांना हसत होते. अहवाल 'पाणी चांगलं' म्हणून आला तर? आम्हाला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. नोकरीवरही गदा आली असती. आणि 'वाईट' म्हणून आला तर? मंगल आली त्या दिवसापासून आम्हाला कळेपर्यंत ती तेच पाणी प्यायली होती.

सुमन बाहेर कोणाला उत्तर देत नव्हती. पण रोज सकाळी ऊन दारात आलं की ती मंगलला उंबऱ्यावर बसवायची आणि बोटाने तिची खालची पापणी ओढायची. "वर बघ. आता खाली." मंगल वैतागायची, "आई, काय लावलंय रोज?" मी चहाचा कप हातात धरून त्या दोघींकडे बघायचो. कप तसाच गार व्हायचा.

मग साहेब स्वतः घरी आला. खुर्चीवर न बसता म्हणाला, "पिण्यास अयोग्य."

मला हायसं वाटलं. खरंच सांगतो, आधी हायसं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची इतकी लाज वाटली की मी आत निघून गेलो.

त्याच दिवशी रिक्षावर भोंगा फिरला, पाणी उकळून गार करून प्या. आता सांगायला सगळे मोकळे होते. साहेबाने लाइन खोदायला घेतली. आठवडाभर आम्ही दारोदारचे खड्डे तपासत होतो. लोक आम्हाला खड्ड्यांना हात लावू देत नव्हते. खड्डा बुजवला तर पाणी कसं येईल, असं विचारत होते. शेवटी घाण सापडली ती एका कुलूपबंद घरासमोर. माणसं पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेली, घरपट्टी-पाणीपट्टी कोणीतरी परस्पर भरत होतं, म्हणून नळ चालूच. फरशीखाली त्यांचा खड्डा, नालीच्या पाण्याने तुडुंब भरलेला, आणि त्यात उघड्या तोंडाचा पाईप. तिथे पाणी भरायला कोणी नव्हतं आणि बंद करायलाही कोणी नव्हतं. किती पाळ्या तो पाईप ती घाण ओढत होता कोण जाणे. साहेब खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून राहिला. म्हणाला, "मामा, कोणाला दोष देऊ?" मीही तोच विचार करत होतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कावीळ अंगात महिना, दीड महिना लपून राहू शकते. तेवढे दिवस मोजायचे. आम्ही मोजत होतो. मंगलचे डोळे पांढरेच राहिले.

रेखाचे पिवळे झाले.

तिला आधी नुसतं मळमळायचं. गयाबाई म्हणाल्या, दिवसच तसे आहेत. मग एका सकाळी सुमन तिला ओट्यावर बघून आली आणि चुलीपुढे बसून तोंडात पदर कोंबून रडली. रेखाला नांदेडला नेलं. गल्लीतले पुरुष पाळ्या लावून तिकडे राहिले, शमीमभाभींचे मिया रक्त द्यायला गेले. रेखा वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

पुढच्याच पंधरवड्यात मंगल बाळंत झाली. मुलगी, नीट, गुटगुटीत. पेढे वाटायचं मी टाळलं. आमच्या घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज बाहेर जायचा तेव्हा सुमन उठून दार लोटून घ्यायची.

बाराव्या दिवसाच्या आधी गयाबाई आल्या. हातात कुंची होती, हिरव्या खणाची, कडेला मोती लावलेली. "घरात पडूनच हाय," त्या म्हणाल्या. "शिवलेली वस्तू लेकराच्या डोक्यावर बरी." सुमनने ती घेतली. उठताना गयाबाई म्हणाल्या, "सुमे, आणखी दोन पाळ्या आदी सांडलं असतंस, तर माझंबी लेकरू..." आणि वाक्य तोडून म्हणाल्या, "तुला तरी काय म्हाईत होतं म्हणा."

त्यात ठपका नव्हता. पण तेव्हापासून ते अर्धं वाक्य आमच्या घरात राहायला आलंय.

आता मी निवृत्त झालोय. चावी नव्या वालमनकडे आहे. नवी योजना येतेय, रोज पाणी येणार, खड्ड्यांची गरजच उरणार नाही, असं ऐकतो. यावं, माझ्या डोळ्यांदेखत यावं. पाण्याचा निरोप आता मोबाइलवर येतो आणि बहुतेक वेळा खराही असतो. तरी गल्ली आमच्या दाराकडे बघते. आणि त्या उन्हाळ्यापासून आणखी एक रीत पडलीय. ती कोणी ठरवली नाही. पाणी आलं की बायका ड्रम भरतात, पण कोणी तांब्या तोंडाला लावत नाही. सुमन दारात येऊन नव्या पाण्याचा पेला प्यायली की मग गल्ली पिते.

तिने किती वेळा सांगितलं, अगं बायांनो, आता आमाला काय म्हाईत? यांच्या हातात चावीसुद्धा न्हाई. कोणी ऐकत नाही. आमच्याकडे उकळलेलं पाणीच पिण्यात असतं, पण तो दारातला पेला तिला नळाचाच प्यावा लागतो. उकळलेला पेला पिऊन दाखवणं म्हणजे गल्लीला फसवणं, असं तिचं म्हणणं. मी एकदा भांडलो, दोनदा भांडलो. मग मीही तिच्या शेजारी उभा राहून त्याच पेल्यातलं अर्धं पिऊ लागलो. निदान जे व्हायचं ते दोघांना होऊ दे.

आणि रोज सकाळी ऊन दारात आलं की ती मला उंबऱ्यावर बसवते, बोटाने माझी पापणी खाली ओढते. "वर बघा. आता खाली." मग मी तिची ओढतो. समोरच्या ओट्यावरून रेखा बघते. गल्लीत नव्याने आलेल्या सुना मात्र हसतात, या वयातबी मामा-मामीचं लय गुलुगुलू चाललंय म्हणतात. रेखा हसत नाही. हातातलं काम थांबवून ती वाट बघते.

"पांढरे हायत," सुमन तिला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणते. मग रेखा तांब्या उचलते.